चित्रकार : अज्ञात

आमच्या घरी एकोणचाळीस जुन्या पोथ्या आहेत आणि त्यांतल्या अडतीस मी वाचलेल्या नाहीत. ही गोष्ट मी पूर्वी चारचौघांत कबूल करत नसे. "रोज पारायण चालत असेल, नाही?" असं कुणी भक्तिभावानं विचारलं की मी डोळे अर्धवट मिटून नुसता हसायचो. आमची ही मात्र आतून ओरडायची, "पारायण कसलं! भिंगातून कागद बघतात!"

ती म्हणायची ते खरं होतं. मला पोथीतल्या देवापेक्षा पोथीचा कागद, शाई, समासाची रेघ आणि चित्रं यांचंच वेड. हा नाद लागला तो रद्दीवाल्यामुळे. एका रविवारी हिनं मला चार किलो वर्तमानपत्रं घेऊन पिटाळलं. रद्दीवाल्याकडं अर्ध्या किलोचं वजन नव्हतं म्हणून त्यानं पारड्यात एक फडक्यात बांधलेलं गाठोडं टाकलं. मी ते सोडून बघितलं. आत आडवी, सुटी, पिवळी पडलेली पानं. पांडवप्रतापाची शिळाछाप पोथी! अध्याय निम्मेच होते, पण एका पानावर भीम बकासुराच्या गाड्यावर बसून मजेत जेवत होता. त्या भीमाच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून मी तिथंच विरघळलो. वर्तमानपत्रं दिली आणि गाठोडं घेतलं. रद्दी विकायला गेलेला माणूस रद्दी घेऊन घरी आला, हे आमच्या आळीत पुढं बरेच दिवस गाजलं.

शिळाछाप म्हणजे काय, हे त्यानंतर मी भेटेल त्याला सांगत सुटलो. आता तुम्ही सापडलाच आहात, तर ऐका. बव्हेरियातला एक गुळगुळीत चुनखडीचा दगड घ्यायचा. त्यावर तेलकट शाईनं लिहायचं आणि दगड ओला करायचा. पाणी कोऱ्या जागेवर राहतं, तेलकट अक्षरावर ठरत नाही. छपाईच्या शाईचं नेमकं उलटं. ती अक्षरावर बसते आणि ओल्या जागेला शिवत नाही. वर कागद दाबला की छापलं! हा शोध सेनेफेल्डर नावाच्या जर्मन नाटककारानं १७९६ च्या सुमारास लावला. का? तर स्वतःची नाटकं छापून घ्यायला त्याच्याजवळ पैसे नव्हते. लेखकाच्या दारिद्र्याचा जगाला झालेला असा फायदा मला तरी दुसरा माहीत नाही.

आपल्याकडं पोथी छापायची हौस त्याही आधीची. १८०५ साली मिरजेच्या पटवर्धनांनी तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं उलटी कोरून भगवद्गीता छापवली. पण पोथी घरोघर गेली ती दगडामुळं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापलं. त्या वेळी सोवळ्या मंडळींना मोठा पेच पडला. छापील कागदाला शिवायचं कसं? शाईत चरबी असली तर? मग तुपाची शाई तयार केली, असं सांगतात. ब्राह्मण निर्धास्त झाले. माझ्या मते उंदीरही झाले असणार, कारण माझ्या संग्रहातली जी पोथी जितकी जुनी तितकी ती अधिक चवीनं खाल्लेली आहे.

शिळाछाप पोथीतली चित्रं काळ्या रेषेची. खिळे जुळवून छापलेल्या पोथ्यांत लाकडी ठशांची. दोन्हींत रंग नाही. पण क्वचित एखाद्या प्रतीत छापून झाल्यावर कुणीतरी हातानं रंग भरलेला असतो. अशी प्रत म्हणजे आम्हा वेड्यांचा मेवा. त्या काळी मी बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून पुण्याच्या जुन्या बाजारात जायचो, मुंबईला कुणाच्या लग्नाला गेलो तर अक्षता पडायच्या आत फोर्टच्या फुटपाथवर पोचायचो. आणि प्रत्येक रद्दीवाल्याला सांगून ठेवायचो, "ख्रिस्तपुराण मिळालं तर आधी मला!" फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचं हे मराठी ओवीबद्ध पुराण १६१६ साली गोव्यात रायतूरला रोमन लिपीत छापलं. पुढं १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोनदा छापलं. या तिन्ही छपायांची एकही प्रत आजवर कुठं सापडलेली नाही. सापडली तर ती मलाच सापडणार, अशी माझी खात्री होती. एकदा एक रद्दीवाला धावत आला. "साहेब, तुमचं ख्रिस्ताचं मिळालं!" पिशवीत नाताळची वापरलेली शुभेच्छापत्रं होती. मी तीही घेतली. माणसाचा उत्साह मोडू नये.

घरी माझ्या नादाचं स्वागत कसं होत असेल, ते सांगायला नको. प्रत्येक गाठोड्यातून आधी कसर निघायची, मग वेखंड, मग कडुनिंबाच्या पाल्याचा भुगा. एकात सापाची अख्खी कात निघाली. पूर्वी कीड लागू नये म्हणून पोथीत कात ठेवत, हे मी हिला सांगणार होतो. पण तोवर ती ओट्यावर चढली होती. पोथीच्या शेवटी जुने लेखक बजावून ठेवतात, की हिला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधू नका आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. एकदा हौसेनं मी ते हिला वाचून दाखवलं. तिनं शेवटची अट पुन्हा वाचायला सांगितली आणि माझ्याकडं नुसतं बघितलं.

माझ्याजवळ एक लांबट वही होती, अजून आहे. तीत रकाने आखलेले : पोथीचं नाव, छापखाना, साल, चित्रं, चित्रकार, प्रतीची अवस्था. बाकीच्या रकान्यांत काहीतरी भरता यायचं. 'चित्रकार' या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत एकच शब्द : अज्ञात. छापखान्याचा मालक शेवटच्या पानावर आपलं नाव ठसठशीत छापी. ज्यानं भीम काढला, ज्यानं भीमाच्या धोतराला पिवळा रंग दिला, त्यांची नावं कुणी छापली नाहीत.

आमचे एक जाणकार स्नेही होते. पोथ्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणत, "अहो, हे जगभर असंच. युरोपात संत ख्रिस्तोफरचं लाकडी ठशाचं एक चित्र आहे, १४२३ सालचं, हातानं रंगवलेलं. मँचेस्टरच्या रायलँड्स ग्रंथालयात ठेवलंय. एका हस्तलिखिताच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेलं होतं, म्हणून टिकलं. या संताचं मुख पाहिलं की त्या दिवशी अपमृत्यू नाही, असं खाली छापलंय. म्हणजे आपली फलश्रुतीच! पण रंगवलं कुणी? अज्ञात!" 'अज्ञात' म्हणताना ते दोन्ही हात असे पसरत, की तो चित्रकार त्यांनीच लपवून ठेवला आहे असं वाटावं.

आता मुद्द्यावर येतो. ही गोष्ट १९८४ सालची. हिच्या एक आत्या वाईला असत. वय एक्क्याऐंशी, जन्मभर माहेरच्या वाड्यातच राहिलेल्या. कुणाच्या तरी मुंजीच्या निमित्तानं आम्ही वाईला गेलो होतो. पहाटे जाग आली तर देवघरातून ओव्या ऐकू येत होत्या. डोकावलो. आत्या सोवळ्यानं बसून शिवलीलामृत म्हणत होत्या. समोर लाल रुमालावर पोथी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, अक्षर दिसत नव्हतं, सगळं तोंडपाठ. तरी पान संपलं की बरोबर त्याच ओवीला त्यांचा हात पान उलटत होता. आणि उलटलेल्या पानावर मला एक हिरवं माकड दिसलं.

अकरावा अध्याय होता तो. महानंदेच्या घरचा कोंबडा आणि माकड, दोघांच्या गळ्यांत रुद्राक्ष. शिळाछाप चित्र, हातानं रंगवलेलं! माकड हिरवंगार, कोंबडा पिवळा, महानंदेचं लुगडं लालभडक. मला घाम फुटला. पण संग्राहकाचा पहिला नियम असा, की वस्तू आवडली हे चेहऱ्यावर दिसता कामा नये. मी तोंड वाकडं करून म्हटलं, "बरीच जुनी दिसते पोथी." आत्या म्हणाल्या, "अंघोळ झाली का जावईबापू? नसेल तर उंबऱ्याबाहेरच उभे राहा."

अंघोळ करून, कुणाचा तरी पंचा गुंडाळून मी दिवसभर ती पोथी बघितली. शेवटचं पान गेलेलं, त्यामुळं छापखाना आणि साल कळेना. पहिल्या अध्यायापासून अकराव्यापर्यंत सगळी चित्रं रंगवलेली, बाराव्यापासून पुढची कोरी. सहाव्या अध्यायातलं एक चित्र मात्र पार झिजलेलं होतं. घोड्यावर बसलेल्या माणसाचा चेहराच नाहीसा झालेला. हळहळ वाटली. वहीत लिहिलं : अवस्था, खराब.

पोथी वाड्याबाहेर जाणार नाही, असं आत्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणून पुढच्या आठवड्यात मी जाणकार स्नेह्यांनाच वाईला नेलं. त्यांनी भिंग लावलं. तासभर 'हं' आणि 'अहाहा' याशिवाय काही बोलले नाहीत. आत्या बाजूला पाटावर बसून वालपापडी मोडत होत्या.

"अठराशे पन्नासच्या आसपासची प्रत," शेवटी ते म्हणाले. "हा लाल रंग बघा, हिंगूळ. पिवळा हरताळ. हिरवा दोन रंगांच्या मिश्रणाचा. माकड हिरवं का? तर इथं चित्रकारानं मुद्दाम संकेत मोडलाय. हे भक्तीनं पालवलेलं माकड आहे! कसलेला हात आहे हो."

"मग बाराव्यापासून रंग का नाही?" मी विचारलं.

"साथ! पटकीची साथ आली असणार. रंगारी गेला. काम अर्धवट राहिलं." आणि त्यांनी हात पसरले. "अज्ञात!"

"हिंगूळ कसला," आत्या वालपापडीवरून मान न उचलता म्हणाल्या, "कुंकू ते."

आम्ही दोघंही त्यांच्याकडं बघत राहिलो.

"पिवळी ती हळद. निळी कपड्यांची नीळ. काळं काजळ. बाभळीची काडी चावून कुंचला केला होता. माकड हिरवं झालं, कारण हळदीच्या वाटीत नीळ सांडली. मी आठ वर्षांची होते. बाबांनी बघितलं तेव्हा हा असा फटका दिला होता पाठीत."

जाणकार स्नेह्यांनी भिंग खिशात ठेवलं. "म्हणजे पोरानं खराब केलेली प्रत," ते हळूच मला म्हणाले. मग घड्याळ बघून, "चारची एसटी मिळेल नाही?" असं विचारून ते निघाले.

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझ्याही मनातून ती पोथी उतरली. दुर्मीळ काय होतं तिच्यात? पोरं भिंतीवर रेघोट्या ओढतात, तशाच या. तरी काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आणि आत्या, पुढची तीन अध्यायांची चित्रं का सोडलीत? फटका बसला म्हणून?"

"छे! फटक्याला कोण भितंय. लाल संपलं." त्यांनी शेंगेची शीर ओढून टाकली. "वैशाखात लग्न झालं, तेव्हा चांदीचा करंड मिळाला होता. माझा स्वतःचा. त्यातलंच कुंकू घेऊन रंगवत होते. राहिलेली चित्रं श्रावणात रंगवायची ठरवली होती. तुमचे ते म्हणाले ना, साथ? साथच होती. पटकीची नव्हे, प्लेगाची. ते तिकडं सासरीच गेले. मी तर नांदायलाही गेले नव्हते. आषाढात आईनं करंड काढून घेतला."

ही स्वयंपाकघरातून चहा घेऊन येत होती. ती दारातच थांबली. चहा कपांत गार झाला.

थोड्या वेळानं आत्यांनीच विचारलं, "पोथी पाहिजे ना तुम्हांला?"

मी म्हटलं, "हो." आणि हे 'हो' म्हणताना माझ्या मनात कागदही नव्हता आणि शाईही नव्हती.

"मग वाचून न्या. बिनवाचलेली पोथी मी घराबाहेर काढणार नाही. रोज दोन अध्याय, सात दिवस. मला ऐकू येईल असं मोठ्यानं."

मी कचेरीत आठ दिवसांच्या रजेचा अर्ज तारेनं पाठवला. कारण : पारायण. आमच्या साहेबांनी तो अर्ज दोनदा वाचला आणि माझी तब्येत बरी आहे ना, याची शेजारच्या टेबलावर चौकशी केली, असं मागाहून कळलं. इकडं मी पहाटे चारला कृष्णेच्या पाण्यानं अंघोळ करून, पंचा सावरत, देवघरात मांडी घालून बसत होतो. चाळीस वर्षांच्या खुर्चीच्या सवयीनं मांडी वीस ओव्यांतच झोपी जायची. श्रीधरस्वामींनी हा ग्रंथ १७१८ साली बारामतीला पुरा केला, हे मी पाहुण्यांना अनेकदा ऐकवलं होतं. ग्रंथात काय लिहिलंय ते पहिल्यांदाच बघत होतो. चुकलो की आत्या न बघता दुरुस्त करायच्या. "रेफ खाल्लात." "ती ओवी गाळलीत." रेफ काय, तोवर मी जन्मभर सगळी पोथीच गाळत आलो होतो.

तिसऱ्या दिवशी सहावा अध्याय आला. सीमंतिनीची कथा. चौदाव्या वर्षी वैधव्य येणार असं तिच्या कुंडलीत असतं. ती सोमवारचं व्रत धरते. लग्न होतं, आणि नवरा चंद्रांगद यमुनेत बुडतो. तरी ती व्रत सोडत नाही. इकडं चंद्रांगद पाताळात तक्षकाकडं जिवंत असतो. एक दिवस तो घोड्यावर बसून परत येतो.

मी तिथं पोचलो तेव्हा आत्या म्हणाल्या, "थांबा जरा." त्यांनी हात पुढं केला. दिसत काही नव्हतं, पण बोट न चाचपडता त्या चित्रावर, घोड्यावरच्या माणसाच्या तोंडावर जाऊन टेकलं. त्र्याहत्तर वर्षं ते बोट तिथं टेकत आलं होतं. ज्याला मी वहीत 'खराब' म्हणून लिहिलं होतं, ते हे.

"आला ना परत?" त्यांनी विचारलं.

"आला," मी म्हटलं.

"वाचा पुढं."

सातव्या दिवशी त्यांनी पोथी फळ्यांमध्ये घालून, लाल रुमालात बांधून हिच्या हातात दिली. माझ्या नव्हे. मूर्खाच्या हाती न देण्याची अट बहुधा त्यांनाही माहीत होती. "तुम्हांला लागेल ना वाचायला?" मी विचारलं, तर म्हणाल्या, "मला कशाला? मला येते की." पुढं दोन वर्षांनी त्या गेल्या. अकरावा अध्याय संपवून उठल्या आणि माजघरात जाऊन पडल्या, असं हिच्या भावानं पत्रात कळवलं होतं.

या गोष्टीला चाळीस वर्षं होऊन गेली. ख्रिस्तपुराणाची छापील प्रत मला अजून सापडलेली नाही. जाणकार स्नेही राहिले नाहीत. पोथ्या एकोणचाळिसांवर थांबल्या, कारण आधी ज्या आहेत त्या वाचून काढाव्यात असं मी ठरवलं. पण ते नुसतंच ठरलं आहे. वहीत मात्र दुरुस्ती केली. एकोणचाळिसाव्या ओळीत चित्रकाराच्या रकान्यात लिहिलं आहे : 'आत्या, वय ८.' त्याच्या पुढचा 'खराब' हा शब्द खोडला. तिथं दुसरं काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून तो रकाना कोराच आहे.

परवा दुपारी मी ती पोथी ऊन दाखवायला काढली होती. आमची नात आली. तीही आठ वर्षांची. हिरवं माकड बघून ती खूप हसली. मग पानं उलटत बाराव्या अध्यायापर्यंत गेली आणि म्हणाली, "आजोबा, ही चित्रं कुणासाठी रंगवायची ठेवलीत?" तिच्या हातात स्केचपेनांचा डबा होता.

संग्राहक म्हणून मी ओरडायला हवं होतं. मी पोथी हळूच बांधली आणि कपाटात ठेवली. कुलूप लावलं की नाही, ते मात्र आता नीटसं आठवत नाही.